रेड स्प्रूसची वाढ पुन्हा जोमाने होत असेल, तर त्याच्या संवर्धनाची गरज संपली का?

वनवेध:

नमस्कार. उत्तर अमेरिकेच्या पूर्वेकडील ॲपलेशियन पर्वतरांगांमध्ये मूळचा असलेला रेड स्प्रूस हा सूचिपर्णी वृक्ष आम्लवर्षेच्या दुष्परिणामांचे ठळक उदाहरण म्हणून अनेक वर्षे अभ्यासला गेला आहे. व्हर्माँट राज्यातील कॅमल्स हम्प या डोंगरावर १९६० च्या दशकाच्या मध्यात ज्या वनखंडांची मोजणी झाली होती, त्यांचीच मोजणी १९७९ मध्ये पुन्हा केली तेव्हा तेथील सुमारे निम्मे रेड स्प्रूस मेलेले आढळले. उंचावरची ही जंगले आता टिकणार नाहीत, अशी भीती १९८० च्या दशकात अनेक शास्त्रज्ञांना वाटत होती.

अलीकडचे संशोधन मात्र निराळे चित्र दाखवते. अमेरिकेच्या ईशान्येकडील पाच राज्यांतील ५२ वनखंडांमधल्या ६५८ झाडांच्या खोडांत दरवर्षी पडणारी वलये तपासून २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, २००१ नंतर तीन चतुर्थांशांहून अधिक झाडांच्या वाढीचा वेग चढता असल्याचे दिसले. त्याच वर्षी वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातील संशोधकांनी आपल्या राज्यातील झाडांमध्ये ही उलट कलाटणी १९८९ च्या सुमारास सुरू झाल्याचे मांडले, आणि त्यामागे आम्ल प्रदूषणातील घट, हवेतील वाढता कार्बन डायऑक्साइड आणि अधिक उबदार वसंत अशी तीन कारणे दाखवली.

हे वाचून मला काही प्रश्न पडले आहेत. वलय रुंद झाले म्हणजे झाड निरोगी झाले, असे सरळ म्हणता येते का? हवा स्वच्छ झाल्याने झाडे आपोआप सावरत असतील, तर रोपे लावण्याचा आणि जंगलात हस्तक्षेप करण्याचा खटाटोप कशासाठी? आणि तापमानवाढ जर या थंड प्रदेशातील वृक्षाला मानवत असेल, तर तिच्यामुळे तो धोक्यात येईल असे अजूनही का सांगितले जाते? या विषयातील जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

अरुंधती:

वनवेध, आपला पहिला प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण बाकीच्या दोन प्रश्नांची उत्तरे त्याच्यावरच अवलंबून आहेत. म्हणून वलयांचे मोजमाप कसे होते येथपासून सुरुवात करते.

उभ्या झाडाला न पाडता त्याच्या खोडातून पोकळ गिरमिटाने पेन्सिलीहूनही बारीक असा लाकडाचा नमुना काढतात. नमुना छातीच्या उंचीवर आणि शक्यतो उताराला आडव्या दिशेने घेतात, कारण उतारावर वाढणारी सूचिपर्णी झाडे तोल सांभाळण्यासाठी खोडाच्या खालच्या अंगाला वेगळ्या प्रकारचे दाट लाकूड तयार करतात आणि तेथील वलये फसवी रुंद असतात. त्यानंतर अनेक झाडांची वलये एकमेकांशी ताडून प्रत्येक वलयाचे वर्ष निश्चित केले जाते. हा टप्पा वगळता येत नाही, कारण फार दबलेल्या झाडाला एखाद्या वर्षी खोडाच्या काही भागात वलयच पडत नाही, आणि नुसते मोजत गेल्यास पुढचा सगळा हिशेब एका वर्षाने सरकतो.

रुंदीची आकडेवारी हाती आल्यावरही ती तशीच वापरता येत नाही. झाड जाड होत जाते तसे तितकेच लाकूड अधिक मोठ्या परिघावर पसरते, त्यामुळे उत्तम वाढणाऱ्या झाडाचे वलयही वयानुसार अरुंद होते. म्हणून अभ्यासक रुंदीऐवजी खोडाच्या काटछेदाच्या क्षेत्रफळात दरवर्षी पडणारी भर मोजतात. प्रौढ झाडाच्या बाबतीत ही भर बराच काळ स्थिर राहणे किंवा हळूहळू वाढणे अपेक्षित असते. ती सातत्याने घटू लागली तर काहीतरी बिघडले आहे असे मानायला आधार मिळतो. १९६० नंतर रेड स्प्रूसमध्ये नेमकी हीच घट दिसली होती, आणि आता दिसणारी चढती रेषा याच मापाने काढलेली असल्यामुळे ती मी गांभीर्याने घेते.

तरीही "रुंद वलय म्हणजे निरोगी झाड" हे समीकरण मी स्वीकारणार नाही. रेड स्प्रूस सावली फार चांगली सोसतो. मोठ्या झाडांच्या छायेत तो अनेक दशके अगदी संथ वाढत राहतो, इतका संथ की माणसाच्या उंचीचे झाड पन्नास वर्षांचे असू शकते, आणि वरचे पर्णछत्र उघडले की त्याच झाडाची वाढ एकदम वेग घेते. अशा झाडाची आतली अरुंद वलये त्याच्या प्रकृतीविषयी काही सांगत नाहीत. डोक्यावर सावली होती, एवढेच सांगतात. साडेतीनशे ते चारशे वर्षे जगू शकणाऱ्या या वृक्षाच्या जीवनक्रमात हा दबलेपणाचा काळ स्वाभाविकच आहे.

दुसरी अडचण नमुन्याच्या निवडीची आहे. आज ज्यांच्या खोडातून नमुने काढले जातात ती झाडे १९७० आणि १९८० च्या दशकांतून वाचलेली आहेत. जी मेली ती केव्हाच कुजून गेली. त्यांची वलये या सरासरीत येत नाहीत. शिवाय शेजारची झाडे मेल्यामुळे वाचलेल्यांना प्रकाश, पाणी आणि मुळांसाठी जागा अधिक मिळाली. म्हणून वाढीच्या वेगाचा काही वाटा केवळ मोकळ्या झालेल्या जागेचा असू शकतो. दबलेपणातून सुटलेल्या झाडाच्या वलयांत अचानक उडी दिसते, तर हवामान किंवा प्रदूषण बदलल्याचा परिणाम बऱ्याच झाडांमध्ये आणि दूरदूरच्या वनखंडांमध्ये एकाच काळात पसरलेला दिसतो. या फरकाच्या आधारे अभ्यासक दोन्ही गोष्टी वेगळ्या काढण्याचा प्रयत्न करतात. वेस्ट व्हर्जिनियातील अभ्यासात वलयांमधील कार्बनच्या समस्थानिकांचे, म्हणजे वेगवेगळ्या वजनाच्या अणूंचे, प्रमाणही मोजले होते. पानांची रंध्रे कितपत उघडी होती आणि प्रकाशसंश्लेषण कोणत्या गतीने चालले होते याचा अंदाज त्यावरून बांधता येतो. नुसत्या रुंदीच्या अभ्यासापेक्षा असा दुहेरी पुरावा मला अधिक विश्वासार्ह वाटतो.

थोडक्यात, ही कलाटणी खरी आहे असे माझे मत आहे. पण ती वाचलेल्या झाडांच्या लाकडाच्या वाढीविषयी आहे. त्या झाडांखाली रोपे आहेत की नाहीत, आणि जेथून जंगलच नाहीसे झाले तेथे काय चालले आहे, हे गिरमिटाने काढलेला नमुना सांगू शकत नाही.

मृदगंध:

अरुंधती यांनी वलयांविषयी लिहिले आहे त्यात मातीची बाजू जोडतो, कारण "हवा स्वच्छ झाली, आता झाडे आपोआप सावरतील" या गृहीतकातील त्रुटी तेथे सापडते.

आम्लवर्षेने रेड स्प्रूस नेमका कसा मरतो, हे समजायला बराच काळ लागला. आम्लाने पाने थेट जळत नाहीत. उंचावरच्या जंगलांना पावसाबरोबरच ढग आणि धुके सतत भिजवत असतात, आणि धुक्याचे पाणी पावसापेक्षाही अधिक आम्लयुक्त असते. ते पानांतील पेशींच्या पटलांशी निगडित असलेले कॅल्शियम धुऊन काढते. या कॅल्शियमवर पेशीची थंडी सोसण्याची क्षमता अवलंबून असते, आणि रेड स्प्रूसच्या बाबतीत ही क्षमता मुळातच काठावरची आहे. त्याच डोंगरांवर शेजारी वाढणारा बाल्सम फर त्याच्यापेक्षा अधिक कडक थंडी सहज सोसतो. त्यामुळे काही अंशांचा फरकदेखील घातक ठरतो. हिवाळ्यात त्या वर्षीची कोवळी पाने गोठतात, वसंतात तांबूस-तपकिरी दिसू लागतात आणि गळून पडतात. एखाद्या वर्षी असे झाले तर झाड सावरते. मात्र हे वारंवार घडले तर पानांचा साठा घटत जातो, खोडाची वाढ मंदावते आणि शेवटी झाड मरते. २००३ च्या हिवाळ्यात ईशान्येकडील मोठ्या प्रदेशात अशी गंभीर इजा झाली होती आणि तिचा परिणाम पुढील काही वर्षांच्या वलयांमध्ये उमटलेला आहे.

दुसरा आघात मातीतून होतो. आम्ल मातीतील कॅल्शियम वाहून नेते आणि खनिजांमध्ये बांधलेले ॲल्युमिनियम मोकळे करते. मोकळे ॲल्युमिनियम मुळांपाशी कॅल्शियमच्या शोषणाला अडथळा आणते. ग्रॅनाइटसारख्या खडकांवरच्या पातळ मातीत गेलेले कॅल्शियम भरून येण्याचा मार्ग मुख्यतः खडकाची झीज हाच असतो, आणि ती अत्यंत धिम्या गतीने होते.

या कार्यकारणभावाची उत्तम परीक्षा न्यू हॅम्पशायरमधील हबर्ड ब्रूक प्रायोगिक वनात झाली. उत्तर अमेरिकेतील आम्लवर्षेची नोंद १९६३ मध्ये घेतलेल्या पावसाच्या नमुन्यापासून जेथे सुरू झाली, तेच हे वन. ऑक्टोबर १९९९ मध्ये तेथील सुमारे १२ हेक्टरच्या एका पाणलोट क्षेत्रावर हेलिकॉप्टरमधून वोलास्टोनाइट, म्हणजे कॅल्शियम सिलिकेट, पसरवण्यात आले. दशकानुदशके वाहून गेलेले कॅल्शियम मातीला परत देणे हा त्यामागील हेतू होता. २००३ मध्ये जेव्हा सर्वत्र पाने गोठली, तेव्हा या पाणलोटातील रेड स्प्रूसना शेजारच्या पाणलोटातील झाडांपेक्षा लक्षणीय कमी इजा झाली. निसर्गाने स्वतःहून घेतलेली अशी चाचणी संशोधनात क्वचितच वाट्याला येते, आणि प्रयोगाची आखणी आधीच झालेली असल्यामुळे तिचे उत्तर स्पष्ट मिळाले.

मग सगळीकडे कॅल्शियम पसरावे का? मी तसे सुचवणार नाही. त्याच प्रयोगात पुढे सुमारे दशकभराने त्या पाणलोटातून ओढ्यात जाणाऱ्या नायट्रोजनचे प्रमाण बरेच वाढलेले दिसले. मातीची आम्लता बदलली की तिच्यातील सेंद्रिय पदार्थांचे विघटनही बदलते आणि त्याचे परिणाम सावकाश बाहेर येतात. विस्तीर्ण पर्वतरांगांवर हे करणे व्यवहार्यही नाही. खरा उपाय उगमापाशीच होता. अमेरिकेचा १९७० चा स्वच्छ हवा कायदा आणि विशेषतः १९९० ची त्यातील दुरुस्ती, जिच्यामुळे वीजकेंद्रांच्या सल्फर डायऑक्साइडच्या उत्सर्जनावर एकूण मर्यादा आली, यांचे श्रेय मी मोकळेपणाने मान्य करतो. संशोधनातून निघालेला निष्कर्ष कायद्यात उतरला आणि त्याचे फळ झाडांच्या लाकडात मोजता आले, असे समाधान वनशास्त्राला फार वेळा मिळत नाही.

परंतु पावसाची आम्लता काही वर्षांत उतरते, मातीची तितक्या लवकर उतरत नाही. ईशान्य अमेरिका आणि पूर्व कॅनडातील जागांवर पुन्हा घेतलेल्या मातीच्या नमुन्यांमध्ये वरच्या सेंद्रिय थरात सुधारणेची चिन्हे दिसतात. खालच्या खनिज थरातील चित्र मात्र संमिश्र आहे. म्हणजे सध्या जोमाने वाढणारी झाडे अजूनही बऱ्याच ठिकाणी कॅल्शियमची तूट असलेल्या मातीतच उभी आहेत.

तापमानाविषयीही एक गोष्ट याच अनुषंगाने सांगतो. सौम्य हिवाळ्यांमुळे पाने गोठण्याचे प्रसंग कमी होतात आणि वाढीचा हंगाम लांबतो, म्हणून आजवरची तापमानवाढ रेड स्प्रूसला काही अंशी मानवली आहे. हा लाभ अमर्याद नाही. त्याची मुळे उथळ असतात, मातीच्या वरच्या थरातच पसरतात, आणि उष्ण व कोरडा उन्हाळा आला तर प्रथम तोच थर सुकतो. दुसरे असे की हिवाळ्यात मधेच ऊब आली तर हा वृक्ष लगेच प्रकाशसंश्लेषण सुरू करतो आणि त्याची थंडी सोसण्याची तयारी ढिली पडते. त्यानंतर अचानक कडक थंडी परतली तर इजा होतेच. सरासरी तापमान वाढल्याने असे चढउतार थांबतात असे नाही.

देवदारू:

वनवेध, "खटाटोप कशासाठी" या आपल्या प्रश्नाचे उत्तर वेस्ट व्हर्जिनियाच्या इतिहासात आहे. प्रदूषणाची समस्या उद्भवण्याच्या कितीतरी आधी तेथील स्प्रूसचे जंगल कुऱ्हाड आणि आग यांनी संपवले होते.

साधारण १८८० ते १९२० या काळात लाकूडवाहू रेल्वे उंच पठारांपर्यंत पोहोचली. या राज्यातील चीट माउंटन या डोंगराच्या पायथ्याशी १९०१ मध्ये वसवलेले कॅस हे गाव कागदाच्या लगद्यासाठी लागणाऱ्या स्प्रूसच्या लाकडावरच उभे राहिले. तोडीनंतर मागे राहिलेल्या फांद्या आणि सुकलेला पालापाचोळा पेटला, आणि शेकडो वर्षांत साचलेली, पीटसारखी, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची, जाड सेंद्रिय माती काही ठिकाणी खडक उघडा पडेपर्यंत जळाली. याच राज्यातील डॉली सॉड्सचा उघडा माळ आज अनेकांना नैसर्गिक वाटतो, पण त्याच्या मोठ्या भागाचे रूप या आगींनी घडवलेले आहे. राज्यातील स्प्रूसचे क्षेत्र मूळच्या सुमारे एक दशांशावर आले आणि तेथे बर्च, मेपल, बीच यांसारख्या रुंद पानांच्या झाडांनी बस्तान बसवले.

स्प्रूस स्वतःहून परत का येत नाही, हे त्याच्या बीजाच्या स्वभावावरून कळते. भरपूर बी धरण्याचे वर्ष तीन ते आठ वर्षांतून एकदा येते. गळालेले बी मातीत साधारण वर्षभरापलीकडे जिवंत राहत नाही, म्हणजे जमिनीत बियांची शिल्लक नसते. बी वाऱ्याने पडते, पण आईझाडापासून फार लांब जात नाही. रोप उगवले तरी त्याची मुळे इतकी वरवर असतात की पाचोळ्याचा थर सुकला की ते मरते. जेथून आईझाडेच नाहीशी झाली, तेथे हवा कितीही स्वच्छ झाली तरी शेकडो मीटर अंतरावरून स्प्रूस चालत येणार नाही.

जेथे थोडी आईझाडे उरली आहेत, तेथील स्थिती मात्र आशादायक आहे आणि तिची दखल घ्यायला हवी. व्हर्माँट व न्यू हॅम्पशायरमधील काही डोंगरांवर रुंदपर्णी आणि सूचिपर्णी जंगलांची सीमा तापमानवाढीमुळे वर सरकेल अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात काही ठिकाणी ती खाली सरकलेली आढळली. जुन्या तोडीत आणि प्रदूषणात गमावलेली जागा स्प्रूस परत मिळवत आहे, असा याचा अर्थ लावला जातो. अशा ठिकाणी रोपे लावण्यापेक्षा रुंदपर्णी झाडांखाली दबलेल्या कोवळ्या स्प्रूसना वाट करून देणे अधिक उपयोगाचे ठरते. त्यासाठी वरच्या निवडक झाडांच्या सालीचे कडे काढून ती उभ्याउभ्याच वाळवतात; उजेड हळूहळू वाढतो आणि मेलेली खोडे पक्ष्यांच्या व कीटकांच्या उपयोगी पडतात. जंगलाच्या दृष्टीने हा हस्तक्षेप सौम्य आहे आणि तोच मला सर्वांत समंजस वाटतो.

या जंगलावर इतर जीवही अवलंबून आहेत. स्प्रूसच्या मुळांवर वाढणारी भूमिगत कवके उत्तरी उडती खार खाते आणि त्यांचे बीजाणू विष्ठेतून नव्या जागी पोहोचवते, तेथे ते रोपांच्या मुळांशी सहजीवन जोडतात. या खारीची वेस्ट व्हर्जिनियातील उपजाती १९८५ मध्ये संकटग्रस्त यादीत घातली गेली. २००८ मध्ये तिला यादीतून वगळले, न्यायालयाच्या निर्णयामुळे २०११ मध्ये ती परत आली आणि २०१३ मध्ये पुन्हा वगळली गेली. चीट माउंटन सॅलॅमँडर तर १९८९ पासून धोक्यातील जाती म्हणून नोंदला आहे. ओलसर, थंड जमीन सोडून तो दूर जाऊ शकत नाही. तुकड्यातुकड्यांत विखुरलेली स्प्रूसची बेटे पुन्हा एकमेकांना जोडणे हे येथील संवर्धनाचे खरे उद्दिष्ट आहे, आणि त्यासाठी वनविभाग, वन्यजीव विभाग व स्वयंसेवी संस्था २००७ पासून 'सेंट्रल ॲपलेशियन स्प्रूस रिस्टोरेशन इनिशिएटिव्ह' या नावाने एकत्र काम करत आहेत.

वनवेध:

तिन्ही प्रतिसादांबद्दल मनापासून आभार. वाचलेल्या झाडांची वाढ आणि जंगलाचे परत येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आता स्पष्ट झाले. एक उपप्रश्न विचारतो. कोळशाच्या उघड्या खाणींनी उद्ध्वस्त झालेल्या उंच जमिनींवर युरोपातील नॉर्वे स्प्रूससारखी झपाट्याने वाढणारी जात लावली, तर खारीला आणि मातीला लवकर आसरा मिळणार नाही का? आणि रेड स्प्रूसच लावायचा असेल, तर त्याचे बी जवळच्याच झाडांचे असावे, की दूरवरचेही चालेल?

देवदारू:

नॉर्वे स्प्रूसचा मार्ग चोखाळून झालेला आहे. चीट माउंटनवरील मोवर ट्रॅक्ट या पूर्वीच्या खाणजमिनीवर खाण बुजवताना अवजड यंत्रांनी माती दाबून सपाट केली गेली, तिच्यावर गवत आणि नॉर्वे स्प्रूस व रेड पाइन अशी परकी झाडे लावली गेली. दाबलेल्या मातीत पाणी मुरत नाही आणि मुळे शिरत नाहीत. त्यामुळे कित्येक दशकांनंतरही तेथे जंगल असे तयार झालेच नाही. मोनोंगाहेला राष्ट्रीय वनाच्या ताब्यातील या जमिनीवर आता उलट क्रमाने काम चालते: परकी झाडे काढायची, बुलडोझरच्या मागे लावलेल्या लांब दात्यांनी माती खोलवर फोडायची, पाडलेली खोडे तेथेच पसरून ठेवायची, आणि मग रेड स्प्रूस इतर स्थानिक झाडाझुडपांसह लावायचा. फोडलेली जमीन ओबडधोबड दिसते, पण तिच्या खड्ड्यांत पाणी साचते, वाऱ्याने आलेले बी अडकते आणि ओलावा टिकतो. म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की अशा जमिनीवर कोणती जात लावायची यापेक्षा माती आधी मोकळी करणे अधिक निकडीचे आहे; माती दाबलेलीच राहिली तर झपाट्याने वाढणारी जातही तेथे खुरटते.

अरुंधती:

बियांच्या प्रश्नाबाबत थोडी भर घालते. रेड स्प्रूसमध्ये जनुकीय विविधता इतर स्प्रूस जातींच्या तुलनेत कमी आहे. लहान, एकाकी पडलेल्या वनखंडांत झाडांचे आपसांतच परागण होते, त्यामुळे पोकळ बियांचे प्रमाण वाढते आणि उगवलेली रोपेही कमी जोमाची असतात. जुन्या, न तोडलेल्या जंगलांमध्ये विविधता अधिक टिकून असल्याचे पूर्व कॅनडातील अभ्यासांत दिसले आहे. म्हणून जुने वनखंड राखणे हा बियांच्या दृष्टीनेही पहिला उपाय ठरतो.

"जवळचेच बी उत्तम" हा वनशास्त्रातील जुना नियम स्थानिक परिस्थितीशी झालेल्या अनुकूलनावर आधारलेला आहे आणि तो निराधार नाही. मात्र जवळचे बी जर दहा-वीस झाडांच्याच वंशातले असेल, तर त्या नियमाचा आग्रह नुकसानकारक ठरू शकतो. म्हणून एकाच जागी अनेक ठिकाणांहून गोळा केलेल्या बियांची मिश्र रोपे लावून, कोणत्या मूळस्थानाची रोपे कोणत्या हवामानात तगतात हे जनुकीय माहितीशी ताडून पाहण्याकडे संशोधकांचा कल आहे. दक्षिणेकडील उष्णतर कडेच्या झाडांमध्ये भविष्यातील हवामानाला उपयोगी पडणारे गुण असतील, अशी त्यामागील अपेक्षा असते. हे करताना प्रत्येक रोपाचे मूळस्थान नोंदवून ठेवणे अत्यावश्यक आहे, कारण ही रोपे बी धरण्याच्या वयाची होईपर्यंत कित्येक दशके लोटतील आणि तेव्हा मोजणी करणारे अभ्यासक दुसरेच असतील.